हार्डकोअर पंक बँडचा निरोपाचा कार्यक्रम: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हार्डकोअर बँडच्या शेवटच्या कार्यक्रमांबद्दल लोक मला वर्षानुवर्षं जे विचारत आले आहेत, ते इथे एकत्र केलं आहे. विचारणाऱ्यांपैकी काही जण स्वतः तिथे होते, बरेचसे नव्हते. सोपे प्रश्न आधी आहेत, वादाचे शेवटी. एखाद्या उत्तराचा धागा दुसरीकडे जात असेल, तर तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. हार्डकोअर पंक म्हणजे काय? पंक आणि हे एकच ना?

हे पंकचंच पुढचं रूप, पण जास्त वेगवान आणि जास्त कडक. १९७०च्या दशकाच्या अखेरीस आणि १९८०च्या सुरुवातीला ते अमेरिकेत घडलं, मुख्यतः दक्षिण कॅलिफोर्निया आणि वॉशिंग्टन डी.सी. इथे. गाणी एक-दीड मिनिटाची, ड्रम्स सुसाट आणि शब्द गाण्याऐवजी ओरडून म्हटलेले. ब्लॅक फ्लॅग, बॅड ब्रेन्स, मायनर थ्रेट, डेड केनेडीज ही पहिल्या फळीतली नावं. मोठ्या कंपन्यांची वाट न पाहता या मुलांनी स्वतःच्या रेकॉर्ड कंपन्या काढल्या. एसएसटी, डिस्कॉर्ड आणि अल्टरनेटिव्ह टेंटॅकल्स अशाच उभ्या राहिल्या.

२. बँड काय, बंद पडतातच. मग हार्डकोअरवाले शेवटच्या कार्यक्रमाला इतकं का धरून बसतात?

कारण हार्डकोअरच्या कार्यक्रमात ऐकणारे आणि वाजवणारे यांच्यातली रेघ पुसट असते. मंच गुडघ्याएवढा, कित्येकदा तोही नसतो. मधे कठडा नसतो. गायक मायक्रोफोन पुढे धरतो आणि वीस जण एकमेकांच्या अंगावर चढून ती ओळ त्याच्याआधी म्हणून मोकळे होतात. कोणी मंचावर चढतो, तिथून गर्दीवर उडी घेतो, खालचे त्याला झेलतात. रेकॉर्डवर गाण्याचं अर्धंच रूप असतं, उरलेलं अर्धं त्या खोलीत तयार होतं. बँड थांबला की ते अर्धं कायमचं जातं. रेकॉर्ड पुन्हा छापता येते, ती खोली पुन्हा भरत नाही.

दुसरं कारण वयाचं. यातले बरेच बँड दोन-तीन वर्षंच टिकले. वाजवणारे विशीच्या आतबाहेरचे, ऐकणारे त्याहून लहान. म्हणून ज्यांनी तो कार्यक्रम पाहिला, त्यांच्या आठवणीत बँडचा शेवट आणि स्वतःचं शाळकरी वय संपणं ही एकच गोष्ट होऊन बसते. हे मला फार जणांनी, वेगवेगळ्या शब्दांत, सांगितलं आहे.

३. मायनर थ्रेटचा शेवटचा कार्यक्रम कधी आणि कुठे झाला?

२३ सप्टेंबर १९८३, शुक्रवार. वॉशिंग्टन डी.सी.मधलं लॅन्सबर्ग कल्चरल सेंटर. ही इमारत मुळात शहराच्या मध्यवस्तीतलं एक मोठं डिपार्टमेंट स्टोअर होती. दुकान बंद पडल्यावर तिथे कलेसाठी जागा मिळाली.

त्या रात्री आणखी दोन बँड होते आणि ते कोण होते हे मला तारखेपेक्षा महत्त्वाचं वाटतं. एक ट्रबल फंक, डी.सी.च्या गो-गो संगीतातलं मोठं नाव. गो-गो हे त्या शहरातल्या कृष्णवर्णीय वस्त्यांचं स्वतःचं संगीत. त्यात तालवाद्यांचा भरणा असतो आणि एका गाण्यातून दुसऱ्यात जाताना ठेका तुटत नाही. दुसरा बिग बॉईज, टेक्सासमधल्या ऑस्टिनचा, पंकमध्ये फंक मिसळणारा बँड. एका मिनिटात संपणारं संगीत आणि न थांबणारं संगीत, दोन्ही एकाच रात्री, एकाच छताखाली. हार्डकोअर म्हणजे आपापल्या कोंडाळ्यात बसलेली गोरी मुलं, असं कोणी म्हणालं की मी त्यांना या रात्रीची यादी सांगतो.

बँडनं शेवटी वाजवलं ते गाणं तेव्हा 'लास्ट साँग' या नावानं ओळखलं जाई. पुढे ते 'सॅलड डेज' या नावानं रेकॉर्डवर आलं, तेही १९८५ साली, म्हणजे बँड संपून गेल्यावर. तरुणपणीचे दिवस सरल्याचं ते गाणं आहे आणि लिहिणारा, म्हणजे बँडचा गायक इयन मॅकाय, तेव्हा जेमतेम एकवीस वर्षांचा होता.

४. शेवटचा कार्यक्रम आहे हे लोकांना आधी माहीत असतं का?

बहुतेक वेळा नसतं. या पानावरचे निम्मे गोंधळ याच गोष्टीतून निघतात.

ब्लॅक फ्लॅगचं उदाहरण घ्या. २७ जून १९८६ रोजी डेट्रॉईटमध्ये त्यांनी कार्यक्रम केला. दौऱ्यातला आणखी एक, एवढंच. बँड संपल्याचं गायक हेन्री रोलिन्सला कळलं ते नंतर, गिटारवादक ग्रेग गिननं फोन केला तेव्हा. खुद्द गायकालाच ठाऊक नव्हतं, तर समोर उभ्या असलेल्यांना कुठून असणार? तिथे हजर असलेल्या माणसाला आज विचाराल, तर तो कदाचित सांगेल की हवेत काहीतरी वेगळं जाणवत होतं. तो खोटं बोलत नसतो. नंतर कळलेली गोष्ट आठवणीत मागे झिरपते, एवढंच.

मॅकायच्या नंतरच्या बँडचं, फुगाझीचंही तसंच. ४ नोव्हेंबर २००२ला ते लंडनच्या फोरममध्ये वाजले आणि मग बेमुदत थांबले. निरोपाचं पत्रक नाही, भाषण नाही.

याउलट मॅसॅच्युसेट्सचा हॅव्ह हार्ट. त्यांनी आधी जाहीर केलं, दिवस निवडला आणि १७ ऑक्टोबर २००९ला रिव्हिअर इथल्या क्लब लिडोमध्ये शेवटचं वाजवलं. १७ ऑक्टोबर हा स्ट्रेट एज (दारू आणि ड्रग्जपासून लांब राहायचं ही हार्डकोअरमधली भूमिका) मानणाऱ्यांचा 'एज डे', म्हणजे दिवससुद्धा अर्थ पाहून घेतलेला. आलेल्या प्रत्येकाला माहीत होतं की हे पुन्हा नाही. (पुन्हा झालं. त्याबद्दल प्रश्न ७ पाहा.)

म्हणून कुणाच्या आठवणी ऐकताना मी पहिल्यांदा हेच तपासतो: त्या रात्री या माणसाला शेवट माहीत होता का? जाहीर निरोपाच्या आठवणी मोठ्या, गहिवरलेल्या असतात. नकळत झालेल्या निरोपाच्या आठवणी फुटकळ असतात: घाम, उशीर, शेवटची बस चुकणं. मला त्या फुटकळ आठवणी जास्त मोलाच्या वाटतात, कारण त्यांना कुणी नंतर इस्त्री केलेली नसते.

५. इंटरनेटवर मायनर थ्रेटच्या शेवटच्या कार्यक्रमाचा पूर्ण व्हिडिओ पाहिला. तोच ना हा?

बहुधा नाही. जो व्हिडिओ सगळीकडे फिरतो, तो डी.सी.च्याच ९:३० क्लबमधला, २३ जून १९८३चा. शेवटच्या कार्यक्रमाच्या बरोबर तीन महिने आधीचा. दोन्हीकडे तारीख २३ आणि वर्ष एकच, त्यामुळे घोटाळा होतो. ओळखायची खूण सोपी आहे: जूनमध्ये बँडमध्ये पाच जण होते. ब्रायन बेकर तेव्हा दुसरी गिटार वाजवत होता आणि बास स्टीव्ह हॅन्सगेनकडे होता. सप्टेंबरपर्यंत हॅन्सगेन बाहेर पडला आणि बेकर पुन्हा बासवर गेला. मंचावरची माणसं मोजा.

६. हातावरच्या काळ्या फुलीचा (स्ट्रेट एजवाल्यांची खूण) निरोपाच्या कार्यक्रमाशी काही संबंध आहे का?

आहे, आणि तो फारसा कुणी सांगत नाही. मायनर थ्रेटच्या आधी मॅकाय आणि ड्रमर जेफ नेल्सन 'टीन आयडल्स' या बँडमध्ये होते. १९८०च्या उन्हाळ्यात ही शाळकरी मुलं कॅलिफोर्नियाला गेली. सॅन फ्रान्सिस्कोच्या माबुहाय गार्डन्समध्ये वय कमी म्हणून अडवतील अशी भीती होती. तिथल्या लोकांनी हातावर मोठी काळी फुली काढली, म्हणजे यांना दारू द्यायची नाही, आणि आत सोडलं. परत आल्यावर हाच उपाय त्यांनी ९:३० क्लबला सुचवला: फुली असलेला कुणी पिताना दिसला तर आम्हाला कायमचं बाहेर काढा.

६ नोव्हेंबर १९८०ला टीन आयडल्स त्याच क्लबमध्ये शेवटचं वाजले. मग बँडच्या डब्यात साठलेल्या पैशाचं काय करायचं, हा प्रश्न आला. वाटून घेतले असते तर गोष्ट तिथेच संपली असती. त्यांनी त्या पैशात संपलेल्या बँडची आठ गाण्यांची रेकॉर्ड काढली. मुखपृष्ठावर फुल्या काढलेले दोन हात. डिस्कॉर्डची ती पहिली रेकॉर्ड. पाकिटं मुलांनी हातानं दुमडून, चिकटवून तयार केली. एका बँडच्या शेवटातून आजवर चालू असलेली कंपनी निघाली, म्हणून हा निरोप माझ्या यादीत सगळ्यात वर आहे.

७. निरोप घेतला आणि पुन्हा एकत्र आले. मग आम्ही जे रडलो ते फुकट?

हा प्रश्न नेहमी रागानं येतो आणि राग मला समजतो. स्वीडनच्या रिफ्यूज्डनं तर १९९८मध्ये पुन्हा कधीच वाजणार नाही असं ठासून लिहिलं होतं. त्यांचा तेव्हाचा शेवट व्हर्जिनियातल्या हॅरिसनबर्गमध्ये एका घराच्या तळघरात झाला, पोलीस येऊन कार्यक्रम बंद पडला. २०१२मध्ये ते परत आले, नव्या रेकॉर्ड काढल्या आणि डिसेंबर २०२४मध्ये आपल्या उमेओ शहरात दुसऱ्यांदा निरोप घेतला.

हॅव्ह हार्ट २०१९मध्ये मोजक्या कार्यक्रमांसाठी परत आले, तेव्हा वूस्टरमध्ये हजारो लोक उघड्यावर जमले. दहा वर्षांपूर्वी जे क्लब लिडोत मावले होते, त्यांच्या कितीतरी पट. त्यातले बरेच जण २००९मध्ये शाळेत होते. त्यांच्यासाठी तो पहिलाच कार्यक्रम होता.

माझं मत असं: रडलात तेव्हा जे संपत होतं ते खरंच संपलं. १९९८चं तळघर २०१२मध्ये परत आलं नाही. तीच माणसं, तीच गाणी, पण वय वेगळं, जागा वेगळी, समोरचे लोक वेगळे. दुसऱ्या भेटीनं पहिला निरोप रद्द होत नाही. तरी एक मान्य करतो. जाहीर निरोपाच्या नावावर तिकिटं विकायची आणि वर्षभरात परत यायचं, हे मला खटकतं.

८. आम्ही दोघं एकाच कार्यक्रमाला होतो, पण आठवणी जुळत नाहीत. कुणाचं खरं धरायचं?

दोघांचंही लिहून ठेवा, वेगवेगळं, आणि एकमेकांचं वाचण्याआधी. व्हिडिओ किंवा फोटो पाहण्याच्या आत लिहा. एकदा व्हिडिओ पाहिला की तुमची स्वतःची जागा पुसली जाते आणि कॅमेऱ्याची जागा तुमची होते.

शेवटचं गाणं कोणतं, असं आधी विचारू नका, त्यावर सगळेच हमखास चुकतात. उभे कुठे होतात? बरोबर कोण होतं? आत कसे शिरलात? बाहेर पडल्यावर काय केलंत? या प्रश्नांची उत्तरं पक्की निघतात. माझे दोन मित्र एका बँडच्या शेवटच्या गाण्यावरून कित्येक वर्षं भांडत होते. मग टेप सापडली. एकाच्या आठवणीतलं गाणं त्या रात्री वाजलंच नव्हतं, ते आदल्या दौऱ्यातलं होतं. पण तो सांगत होता की मधेच दिवे गेले आणि लोक अंधारात गात राहिले. टेपवर गिटार अचानक गायब होते आणि नुसते आवाज उरतात. ते त्यालाच आठवत होतं, दुसऱ्याला नाही.

९. माझ्याकडे जुना फ्लायर (कार्यक्रमाचं जाहिरातपत्रक) आहे. वार आणि तारीख आहे, वर्ष नाही. कसं शोधू?

कॅलेंडरनं. एखादी तारीख त्याच वारी ५, ६ किंवा ११ वर्षांनी परत येते. शुक्रवार, २३ सप्टेंबर ही जोडी १९७७, १९८३ आणि १९८८मध्ये येते. मायनर थ्रेट १९८० ते १९८३ एवढाच काळ होता, म्हणजे वर्ष एकच उरतं. मोठ्या बँडचं नाव पाहून अंदाज बांधू नका. फ्लायरवरच्या सगळ्यात लहान, तळाच्या नावाकडे पाहा. ते बँड कमी टिकले, त्यामुळे काळ लवकर आवळतो. आणि फ्लायर म्हणजे पुरावा नव्हे. तो कार्यक्रमाआधी छापलेला असतो. नाव असलेला बँड आला नाही, जागा ऐनवेळी बदलली, हे सर्रास व्हायचं.

१०. कपाटात शेवटच्या कार्यक्रमाची कॅसेट सापडली. लगेच लावून ऐकू?

थांबा. आधी कॅसेटच्या वरच्या कडेचे दोन छोटे प्लॅस्टिकचे तुकडे तोडलेले आहेत का पाहा. नसतील तर तोडा. ते शाबूत असताना चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं गेलं, तर त्या रात्रीवर शांतता रेकॉर्ड होईल.

मग फितीला दाबून धरणारा आतला छोटा स्पंज जागेवर आहे का बघा. तो गळून पडलेला असेल तर आवाज बसका आणि खालीवर येतो. टेप खराब झाली असं वाटतं, पण तसं नसतं. फीत दुसऱ्या चांगल्या कवचात घालता येते. चांगला डेक, म्हणजे कॅसेट वाजवणारं यंत्र, मिळवा. त्याचं हेड, म्हणजे फीत वाचणारा भाग, साफ करा. डेकच्या हेडजवळ एक छोटा स्क्रू असतो. तो अगदी किंचित फिरवत झांजांचा आवाज सर्वांत स्वच्छ कुठे येतो ते कान लावून ठरवा. मूळ रेकॉर्डरचं हेड ज्या कोनात होतं, त्या कोनात तुमचं हेड आणायचं असतं. बहुतेक जण ही पायरी गाळतात आणि मग मूळ रेकॉर्डिंगला नावं ठेवतात.

फाइल डब्ल्यूएव्ही स्वरूपात, २४ बिटवर घ्या. या मूळ फाइलवर खरखर काढण्याचे उपाय करू नका, ते प्रतीवर करा. गाण्यांमधलं बोलणं अजिबात कापू नका. शेवटच्या कार्यक्रमात गायक दोन गाण्यांच्या मधे काय म्हणाला, मागून कोण ओरडलं, हेच पुढे लोकांना ऐकायचं असतं. सी-६० कॅसेटची एक बाजू ३० मिनिटांची. हार्डकोअरचा कार्यक्रम कित्येकदा तेवढ्यातच बसतो, त्यामुळे मधे बाजू बदलल्याची खाच नसेल तर नवल वाटू देऊ नका.

११. टेपवर सगळं जास्तच वेगात वाजतंय. ते खरंच इतकं वेगानं वाजवायचे का?

कधीकधी हो. पण खिशातल्या रेकॉर्डरची बॅटरी उतरत असेल, तर मोटार हळू फिरते, फीत कमी वेगानं सरकते आणि नंतर नीट डेकवर लावली की सगळं पळायला लागतं. गिटारच्या सुरावरून हे ताडता येत नाही, कारण बरेच बँड प्रमाण सुरात गिटार लावतच नसत, आपापसात जुळली म्हणजे झालं.

त्याहून भरवशाची खूण म्हणजे विजेची घूं. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची, युरोपात ५०. अॅम्प्लिफायरची ती घूं गाण्यांच्या मधल्या शांततेत टेपवर उतरलेली असते. आवाजाचा आलेख काढणाऱ्या प्रोग्रॅममध्ये पाहा. अमेरिकेतल्या टेपवर ती ६०ऐवजी ६२ला दिसली, तर टेप सव्वातीन-साडेतीन टक्के जलद चालली आहे, म्हणजे सूर पाव स्वराहून थोडा जास्तच चढला आहे. एक सावधगिरी: तुमच्या डेकचीही स्वतःची घूं असते आणि ती तुमच्या घरच्या विजेइतकी नेमकी येते. कॅसेट न घालता एकदा रेकॉर्ड करून ती वेगळी ओळखून ठेवा.

१२. ही टेप सगळ्यांसाठी खुली करू का?

आधी बँडला विचारा. हार्डकोअरमध्ये हे तितकं अवघड नाही, बरेच जण अजून पत्रांना उत्तरं देतात. टेप तुमची असली तरी गाणी त्यांची आहेत. फुगाझीनं स्वतःच्या आठशेहून जास्त कार्यक्रमांची रेकॉर्डिंग क्रमानं लोकांसाठी उपलब्ध केली. बँडच्या हाताला नीट तारखेसह रेकॉर्डिंग लागलं, तर ते किती काळजीनं जपलं जातं हे त्यातून दिसतं. नकार आला तर मूळ फाइल जपून ठेवा आणि कुठे आहे ते बँडला सांगून ठेवा.

१३. मी तिथे नव्हतो, जन्मलोही नव्हतो. मला या आठवणींवर बोलायचा हक्क आहे का?

मीही मायनर थ्रेटच्या १९८३च्या त्या शेवटच्या रात्री तिथे नव्हतो. टेपची टेपची टेप माझ्यापर्यंत आली, झांजा वाळूसारख्या वाजत होत्या, आणि तरी माझं आयुष्य तिच्यामुळे वळलं. हजर असल्याचं सांगू नका, बस. बाकी तारखा लावणं, फ्लायर जुळवणं, म्हाताऱ्या होत चाललेल्या माणसांना फोन करून विचारणं ही कामं बहुतेक ठिकाणी आपल्यासारखेच करताहेत.

१४. माझी त्या कार्यक्रमाची आठवण वाईट आहे. इतरांच्या कौतुकात ती सांगू का?

जरूर सांगा. मला हा प्रश्न सर्वांत जास्त मुलींकडून येतो. पिटमध्ये (मंचासमोरच्या धक्काबुक्कीच्या गर्दीत) नाक फुटलं, कुणी अंगचटीला आलं, शेवटी मैत्रिणींचे कोट सांभाळत भिंतीला उभं राहावं लागलं. हेही त्या रात्रीचाच भाग आहे. मॅकाय फुगाझीच्या काळात गाणं थांबवून मारामारी करणाऱ्यांना बाहेर काढायचा, बिकिनी किल बँडची गायिका कॅथलीन हॅना मुलींना पुढे यायला सांगायची. प्रश्न खरा होता म्हणूनच ना? भिंतीजवळून दिसलेला कार्यक्रम लिहिला गेला नाही, तर आपल्याकडे फक्त पुढच्या तीन रांगांचा इतिहास उरेल.

१५. मूळ गायकाशिवाय बँड त्याच नावानं वाजतोय. मग 'शेवटचा कार्यक्रम' कोणता म्हणायचा?

सगळ्यात जास्त वाद इथेच होतात. डेड केनेडीज २१ फेब्रुवारी १९८६ला कॅलिफोर्नियात डेव्हिसच्या विद्यापीठात वाजले आणि पुढे फुटले. २००१पासून बाकीचे तिघे नव्या गायकासह त्याच नावानं वाजू लागले, मूळ गायक जेलो बियाफ्राशिवाय. ब्लॅक फ्लॅगचं तर २०१३मध्ये असं झालं की गिननं मूळ नाव घेऊन बँड उभा केला आणि कीथ मॉरिस, चक डुकोव्स्की वगैरे जुने लोक 'फ्लॅग' या नावानं तीच गाणी वाजवू लागले.

मी 'शेवटचा कार्यक्रम' असं एकटं कधीच लिहीत नाही. 'बियाफ्रासह शेवटचा', 'रोलिन्स असतानाचा शेवटचा', असं लिहितो. नावाचा मालक कोण हे न्यायालयं ठरवतात. टेपच्या पाठीवर मात्र त्या रात्री कोण कोण वाजत होतं तेच लिहायचं, चौघांची नावं, तारीख, गाव. आणि जागा उरली तर तळाच्या बँडचं नावसुद्धा.